माशाचा बुळबुळीतपणा आणि काचेचा बुळबुळीतपणा

गोव्यातल्या फोंड्याजवळच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षिकेचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या मुलांनी खाजनात (बांध घातलेल्या खाऱ्या पाण्याच्या सखल जमिनीत), मानशीच्या, म्हणजे भरती-ओहोटीचं पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या दाराच्या, आतल्या बाजूला, काचपट्ट्या दोरीला बांधून पाण्यात सोडल्या. चौथ्या दिवशी वर काढल्या तर काच हाताला बुळबुळीत लागत होती. त्याच पाण्यात जाळ्यात आलेला शेवटा मासाही बुळबुळीत. एका मुलाने विचारलं, "दोन्हीवर तेच बॅक्टेरिया का?" त्यावरून बाईंचे दोन प्रश्न: निर्जीव वस्तूवर आणि जिवंत अंगावर बॅक्टेरिया एकाच तऱ्हेने वस्ती करतात का, आणि हे वर्गात दाखवता येईल का?

मुलाचा प्रश्न फार चांगला आहे आणि त्याचं उत्तर 'नाही' असं आहे. काचेवरचा बुळबुळीतपणा बॅक्टेरियांनी केलेला. शेवट्याच्या अंगावरचा शेवट्याने स्वतः केलेला, आणि त्याच्या अनेक उपयोगांपैकी एक म्हणजे बॅक्टेरियांना तिथे मुक्काम करू न देणं. हाताला दोन्ही सारखेच लागतात, पण एक थर वस्तीचा आहे आणि दुसरा वस्ती अडवणारा.

माझं काम बरीच वर्षं समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या वस्तूंवर धरणाऱ्या थरांचं. मधला काही काळ रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतही काढला. दोन्हीकडचं पाहून माझं एक मत पक्कं झालं आहे. चिकटणं ही बॅक्टेरियाच्या दृष्टीने मोठी गोष्ट नाही, ते कुठेही चिकटतात. खरा प्रश्न पुढचा: ज्याला चिकटलो ते जागेवर राहणार आहे का? काच राहते. जिवंत कातडी राहत नाही. बाकीचं सगळं या एका फरकातून निघतं.

आधी काच. स्वच्छ धुतलेली काचपट्टी पाण्यात गेली की बॅक्टेरियांच्या आधी तिच्यावर पाण्यात विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य बसायला लागतं. प्रथिनांचे तुकडे, शर्करा, खारफुटीच्या कुजलेल्या पानांतून सुटलेलं तांबूस द्रव्य, असं काहीबाही. हे काही सेकंदांत सुरू होतं, त्यामुळे बॅक्टेरियाची गाठ उघड्या काचेशी पडतच नाही म्हटलं तरी चालेल. पडते ती या पातळ लेपाशी.

बॅक्टेरिया एक-दोन मायक्रोमीटर लांब. एवढ्याशा जीवाला पाणी आपल्यासारखं पातळ लागत नाही. एडवर्ड पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात याचा हिशेब मांडला होता: कशाभिका, म्हणजे पोहायची शेपटी, फिरायची थांबली की पोहणारा बॅक्टेरिया एका अणूच्या रुंदीइतकाही पुढे जात नाही, तिथल्या तिथे थांबतो. म्हणजे जोरात येऊन आदळणं त्याच्या नशिबी नाही. त्यात काच आणि बॅक्टेरिया दोघांच्याही अंगावर ऋण भार, त्यामुळे जवळ आले की एकमेकांना ढकलतात. गोड्या पाण्यात हे ढकलणं जरा लांबूनच सुरू होतं. पाणी खारं किंवा मचूळ असलं की मिठातले आयन तो भार झाकतात आणि बॅक्टेरिया काचेच्या पुष्कळ जवळ येऊ शकतो. उरलेलं अंतर तो अंगावरच्या बारीक तंतूंनी तोडतो. त्यांना पिलाय म्हणतात. तंतू इतके बारीक की त्यांना मागे ढकलणारा जोरही तेवढाच कमी.

आणि तरीही पहिल्या काही तासांत काचेवर आलेल्यांपैकी पुष्कळ परत जातात. मायक्रोस्कोपखाली हे पाहायला मला अजूनही आवडतं. कुणी एक टोक टेकवून जागच्या जागी गरगर फिरत असतो, कुणी मधूनच सुटून निघून जातो, आणि त्यांच्यातलाच एखादा अचानक आडवा पडून शांत होतो. असा आडवा पडलेला सहसा परत उठत नाही.

हा आडवं पडण्याचा निर्णय कसा होतो, त्याचा धागा सापडला तो व्हिनेगर करणाऱ्या बॅक्टेरियांच्या गोतावळ्यात. गोव्यातल्या कितीतरी घरांत माडाच्या सुरेचं, म्हणजे माडीचं, विनागर घालतात. सूर आधी यीस्टने आंबते, मग हवेतला प्राणवायू घेऊन अल्कोहोलचं आम्ल करणारे बॅक्टेरिया जोर धरतात, आणि पुष्कळदा बरणीत वर एक पांढुरकी चिवट साय धरते. बोटाने उचलली तर फाटत नाही, लोंबते. विनागर गाळताना आपण ती फेकून देतो. जाड साय असेल तर ती बहुधा सेल्युलोजच्या धाग्यांची असते, म्हणजे कापसात असतं तेच द्रव्य, इथे बॅक्टेरियांनी विणलेलं. प्राणवायू वरच मिळतो, म्हणून वर राहण्यासाठी त्यांनी स्वतःचा पृष्ठभाग स्वतःच तयार केलेला असतो. चिकटायला त्यांना भिंतसुद्धा लागली नाही.

सेल्युलोज विणणाऱ्या अशाच एका बॅक्टेरियावर जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात मोशे बेन्झिमान यांच्या गटाचं काम चालू होतं. १९८७ साली त्यांनी ही विणकाम सुरू करणारा छोटासा रेणू ओळखला, सायक्लिक-डाय-जीएमपी. तेव्हा ती एका बॅक्टेरियाच्या एका विकराची बारीकशी गोष्ट वाटली असेल. पुढे कळलं की बॅक्टेरियांच्या असंख्य जातींत पोहायचं की बसायचं हे हाच रेणू ठरवतो. पेशीत तो वाढला की पोहणं मंदावतं आणि चिकट द्रव्य बाहेर पडायला लागतं. कमी झाला की उलट. काचेला टेकलेल्या बॅक्टेरियाची कशाभिका अडते, तंतू ताणले जातात, आणि त्या ताणाची खबर पुष्कळ जातींत याच रेणूच्या वाटेने आत पोचते.

यानंतर गोष्टी भराभर घडतात. बसलेला बॅक्टेरिया विभागत जातो आणि स्वतःभोवती शर्करा, प्रथिनं, डीएनए यांचा लगदा सोडतो. वस्ती आणि लगदा मिळून बायोफिल्म. मुलांच्या बोटांना जे बुळबुळीत लागलं तो हा लगदा. बॅक्टेरिया स्वतः त्यात थोडेच असतात: बहुतेक बायोफिल्म वाळवून वजन केल्या तर पेशींचा वाटा १० टक्क्यांहूनही कमी भरतो. थराच्या वरच्या पेशींना प्राणवायू मिळतो, तळच्यांना मिळत नाही, त्यामुळे तळच्या पेशी जवळजवळ वाढायच्या थांबतात. वाढणाऱ्या पेशींना मारणारी अँटिबायोटिक्स अशा थरापुढे लंगडी का पडतात त्याचं हे एक मोठं कारण. लगदा औषध अडवतो हे खरं आहे, पण 'लगद्यातून औषध आत जातच नाही' असं जे सरसकट सांगतात ते बरोबर नाही. बरीच औषधं आत जातात. आत गेल्यावर त्यांना मारण्यासारखं चालू असलेलं काही सापडत नाही.

मुळात बॅक्टेरिया पृष्ठभागाकडे येतातच का? समुद्राच्या पाण्यात अन्न फार विरळ असतं आणि पृष्ठभागावर ते गोळा होतं. क्लॉड झोबेल यांनी १९४३ सालच्या निबंधात हे नीट मांडलं. समुद्राचं पाणी बाटलीत भरून ठेवलं की त्यातले बॅक्टेरिया झपाट्याने वाढतात, आणि बाटली जेवढी लहान, म्हणजे पाण्याच्या मानाने काच जेवढी जास्त, तेवढी वाढ जास्त. म्हणून खाजनातलं पाणी बाटलीत भरून शाळेत ठेवलं आणि दोन दिवसांनी तपासलं, तर ते खाजनातलं पाणी राहिलेलं नसतं. प्रोजेक्टांच्या वह्यांत ही चूक इतक्या वेळा दिसते की इथेच सांगून टाकलं.

काचपट्टीच्या पुढच्या इयत्ता पाहायच्या असतील तर मासेमारीबंदीत, १ जून ते ३१ जुलैच्या दरम्यान, मालीम किंवा कुटबणच्या जेटीवर दुरुस्तीला काढलेल्या एखाद्या बोटीचा तळ पाहा. बॅक्टेरिया, त्यावर डायटम (काचेसारख्या कवचाचे एकपेशी जीव), शेवाळ, आणि मग हात कापणारे पांढरे, कवचधारी बार्नेकल. या क्रमात आधीचा थर नंतरच्याला निरोप देतो असंही काही ठिकाणी पक्कं सिद्ध झालं आहे. हायड्रॉइडिस एलेगन्स नावाच्या, चुनखडीची नळी बांधणाऱ्या किड्याची पोरं ठरावीक बॅक्टेरियांचा थर सापडल्याशिवाय सहसा रूपांतरच करत नाहीत. तळाला जो लाल रंग लावतात त्यात तांब्याचं ऑक्साइड असतं. पूर्वी ट्रायब्युटाइल टिनचे रंग असत. त्यांनी शंखांच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले, आणि जहाजांवर त्यांचा वापर थांबवणारा आंतरराष्ट्रीय करार २००८ पासून लागू झाला. एवढं विष लावूनही बुळबुळीत थर मात्र धरतोच. बार्नेकल अडतात, बॅक्टेरिया आणि काही डायटम अडत नाहीत.

आता शेवटा. त्याच्या कातडीतल्या पेशी चिकट स्राव एकसारख्या सोडत असतात. जुना स्राव पाण्याबरोबर निघून जातो, आणि त्यावर नुकते बसलेले बॅक्टेरियाही त्याच्याबरोबर जातात. शिवाय स्रावात लायसोझाइम असतं, जे बॅक्टेरियांची भिंत फोडतं, आणि प्रतिपिंडंही असतात. शेवट्याच्या अंगावर बॅक्टेरिया नसतात असं नव्हे. असतात, पण विरळ, आणि त्यांना पुन्हा पुन्हा पहिल्या पायरीवर यावं लागतं. मासा मेला की स्राव नव्याने येणं थांबतं. तोच मासा आता काचपट्टी झाला. बर्फ नसेल तर काही तासांत बॅक्टेरियांचा जोर होतो, आणि बाजारात नाकाला जो 'मासळी शिळी' म्हणून वास येतो त्यातला मोठा भाग बॅक्टेरियांनी केलेल्या ट्रायमिथाइल अमाइनचा असतो.

कुर्लीचं (खेकड्याचं) उदाहरण याहून सोपं, कारण ते उघड्या डोळ्यांना दिसतं. पाठीवर बार्नेकल आणि शेवाळ धरलेली कुर्ली आणि लखलखीत पाठीची कुर्ली शेजारी शेजारी ठेवा. घाणेरडी दिसणारी आजारी असेलच असं नाही. तिने बरेच दिवस कवच टाकलेलं नाही, एवढंच. कवच जिवंत प्राण्याचं असलं तरी स्वतः निर्जीव, म्हणून त्यावर थर धरतो. टाकलं की सगळी वस्ती गेली. पटकीचा बॅक्टेरियाही पाण्यातल्या कोपेपॉडसारख्या बारीक कवचधारी प्राण्यांच्या अंगाला धरून राहतो. म्हणूनच रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशात जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळून प्यायला लावलं तेव्हा पटकीचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. २००३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुटा बॅक्टेरिया साडीतून आरामात गेला असता. तो कवचाला चिकटलेला होता म्हणून अडकला.

आपलं शरीरही हेच करतं. त्वचा झडते. आतड्याचं अस्तर तीन-पाच दिवसांत नवं होतं. मोठ्या आतड्यात स्रावाचे दोन थर असतात: बाहेरच्यात बॅक्टेरिया राहतात, आणि आतला, अस्तराला लागून असलेला, जवळजवळ मोकळा राहतो. सारं काही झडतं, धुतलं जातं, पुढे ढकललं जातं. अपवाद दाताचा. एनॅमल झडत नाही, आणि म्हणूनच तोंडात गालापेक्षा दातावर जाड थर धरतो. बॅक्टेरिया पहिल्यांदा पाहणाऱ्या लेव्हेनहुकने १६८३ सालच्या पत्रात ज्या हलणाऱ्या जिवांचं वर्णन केलं ते स्वतःच्या दातांमधून खरवडलेल्या पांढऱ्या लगद्यातले होते. दाताचं बाकी सगळं काचपट्टीसारखंच चालतं: आधी लाळेतल्या प्रथिनांचा लेप, मग पहिले स्ट्रेप्टोकोकस, मग त्यांना धरून बाकीचे. साखरेचा वेगळा मुद्दा एवढाच की स्ट्रेप्टोकोकस म्युटन्सला ऊस-बिटाची साखर मिळाली की तिच्यातूनच तो न विरघळणारा चिकट ग्लुकन बनवतो.

रुग्णालयात काम करताना मला हा फरक रोज दिसायचा. मूत्राशयात ई. कोलाय बॅक्टेरिया तंतूच्या टोकावरच्या फिम-एच या प्रथिनाने अस्तरावरची मॅनोज शर्करा पकडतो. ही पकड विलक्षण आहे: लघवीच्या प्रवाहाने ओढ बसली की ती सैल व्हायच्या ऐवजी आणखी घट्ट होते. तेव्हा शरीर दुसरा उपाय करतं, अस्तराच्या त्या पेशीच सोडून देतं, बॅक्टेरियासकट. आता त्याच मूत्राशयात प्लास्टिकची नळी घाला. नळी झडत नाही, नळीला कुणी नवं करत नाही. नळी आत असेपर्यंत लघवीत बॅक्टेरिया सापडायला लागण्याची शक्यता दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के धरतात. 'डॉक्टर, नळी लवकर काढता येईल का?' हा नातेवाइकांचा प्रश्न पुष्कळ वॉर्डांत कटकट समजला जातो. माझ्या मते तो रोज विचारावा.

इथपर्यंत जिवंत अंग म्हणजे अडवणारं अंग असं चित्र झालं. पण काही यजमान बॅक्टेरियांना मुद्दाम बोलावतात, आणि तेव्हा जे चालतं ते काचेवर कधीच घडत नाही. माझं आवडतं उदाहरण हवाई बेटांजवळच्या एका छोट्या माणक्याचं (स्क्विडचं), यूप्रिम्ना स्कोलोपीस. त्याच्या पोटाकडे एक प्रकाशाचा अवयव असतो आणि उजेड पाडतो तो आत राहणारा व्हिब्रिओ फिशरी नावाचा बॅक्टेरिया. चांदण्या रात्री खालून पाहणाऱ्याला माणक्याची सावली दिसू नये म्हणून हा उजेड. पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा त्या अवयवात एकही बॅक्टेरिया नसतो. आजूबाजूच्या पाण्यात दर मिलिलिटरला लाखांनी बॅक्टेरिया, आणि हवा असलेला त्यांच्यात हजारात एकही नाही. तरी काही तासांत आत तोच पोचतो, बाकी कुणी नाही.

मार्गारेट मॅकफॉल-न्गाय आणि एडवर्ड रुबी यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं या एका प्रश्नावर घालवली. अवयवाच्या बाहेर केसाळ फांद्या असतात, त्या पाणी आत ओढतात. पाण्यात कुठल्याही बॅक्टेरियाच्या भिंतीचे तुकडे जाणवले की माणकं चिकट स्राव सोडतं. त्यात बरेच अडकतात, पण नायट्रिक ऑक्साइडसारखे मारे झेलून व्हिब्रिओ फिशरीचाच पुंजका टिकतो. मग कायटिनच्या (कुर्लीच्या कवचात असतं त्या द्रव्याच्या) तुकड्यांच्या वासावर, वास म्हणजे रासायनिक खूण, ते बारीक छिद्रांतून आत उतरतात. आत पोचल्यावर संख्या वाढते, आणि पुरेसे जमल्याची खूण रेणूंनी पटली की उजेड सुरू होतो. बॅक्टेरिया एकमेकांची गर्दी मोजतात ही कल्पना १९७० साली याच जातीच्या अभ्यासातून आली. आणि दार? बाहेरच्या केसाळ फांद्या चार-पाच दिवसांत झडून जातात. झडण्याचा निरोप बॅक्टेरियाच देतो, आपल्या भिंतीच्या एका छोट्या तुकड्याने. हाच तुकडा डांग्या खोकल्यात माणसाच्या श्वासनलिकेच्या केसाळ पेशींची नासाडी करतो. रेणू तोच. एका ठिकाणी घर बांधून पूर्ण होतं, दुसऱ्या ठिकाणी आजार.

त्यातही माणकं सावध. दररोज पहाटे ते आतले सुमारे ९० टक्क्यांहून जास्त बॅक्टेरिया समुद्रात फेकून देतं आणि उरलेल्यांतून संध्याकाळपर्यंत पुन्हा वस्ती उभी राहते. इथेही झाडणं आहेच, फक्त पूर्ण झाडून टाकायचं नाही.

गोव्यात हे पाहायला माणकं आणायची गरज नाही. भात कापल्यावर ओलाव्यावर पेरलेले अळसांदे, म्हणजे चवळीच, एखादं रोप मुळासकट हळूच उपटा. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. ब्लेडने एक कापा. आत गुलाबी लाल असेल तर गाठ कामात आहे, कारण तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच नात्यातल्या प्रथिनाचा. पांढरी असेल तर अजून सुरुवात व्हायची आहे किंवा आतला बॅक्टेरिया कामाचा नाही. हिरवट तपकिरी म्हणजे म्हातारी. मुळं फ्लॅव्होनॉइड नावाचे रेणू सोडतात, ते ओळखणारा ब्रॅडीरायझोबियम हा बॅक्टेरिया उलट आपला रेणू पाठवतो, तो पटला की मुळाचा केस त्याच्याभोवती वळतो आणि आत जायला स्वतः नळी करून देतो. गाठीत बॅक्टेरियाला जागा आणि साखरेतून आलेलं अन्न, रोपाला हवेतला नत्र.

हा भाटकार-मुंडकाराचा, म्हणजे जमीनमालक आणि त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचा, व्यवहार झाला, फक्त मुंडकाराला हुसकावू न देणारा १९७५ चा मुंडकार कायदा इथे लागू नाही. टोबी कीर्स आणि सहकाऱ्यांनी २००३ साली सोयाबीनवर हे करून पाहिलं. गाठींभोवतीच्या हवेतून नायट्रोजन काढून त्या जागी आर्गॉन भरला, म्हणजे बॅक्टेरिया इच्छा असूनही काम करू शकत नव्हते. रोपाने अशा गाठींचा प्राणवायू कमी केला आणि आतल्या बॅक्टेरियांची वाढ खुंटली. काचपट्टी असा हिशेब कधीच मागत नाही.

आपल्या आतड्यात दोन्ही तऱ्हा आहेत, अडवणं आणि जोपासणंही. आईच्या दुधात दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्यानंतर सगळ्यात जास्त घनपदार्थ कुठला, तर अशा शर्करांच्या साखळ्या ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या बिफिडोबॅक्टेरियम पचवतो. म्हणजे दूध बाळाबरोबर त्याच्या बॅक्टेरियांसाठीही असतं. आणि एकदा नीट वस्ती झाली की तीच नवख्याला अडवते. १९५० च्या दशकात मार्जोरी बोनहॉफ आणि सहकाऱ्यांनी उंदरांना स्ट्रेप्टोमायसिन दिलं, तर एरवी लाखाच्या घरात लागणारे साल्मोनेला दहाच्या आत असले तरी लागण व्हायला पुरले. गरज नसताना घेतलेलं अँटिबायोटिक नेमकं काय बिघडवतं हे मुलांना समजावायला मला याहून सोपा प्रयोग माहीत नाही. दुकानातल्या प्रोबायोटिक बाटल्यांबद्दल पालक हमखास विचारतील. काही विशिष्ट आजारांत काही जाती उपयोगी ठरल्या आहेत, पण भरलेल्या आतड्यात बाटलीतला बॅक्टेरिया बहुतेकदा कायमचा राहायला येत नाही. घेणं बंद केलं की थोड्या दिवसांत दिसेनासा होतो. वर सगळं सांगितलं त्यानंतर यात नवल वाटू नये.

वर्गातल्या प्रयोगाचं. काचपट्ट्या डिसेंबर ते मे या काळात सोडा. पावसात खाजनातलं पाणी इतकं गोडं आणि गढूळ होतं की दोन आठवड्यांची तुलना जमत नाही. एक, दोन, चार आणि सात दिवसांनी एकेक पट्टी काढा. धुवायची ती त्याच पाण्यात, अलगद. नळाखाली धरू नका, अर्धा थर निघून जाईल. सावलीत वाळवून ज्योतीवरून दोन-तीनदा झर्रकन फिरवा, क्रिस्टल व्हायोलेटचं ०.१ टक्का द्रावण दहा-पंधरा मिनिटं ठेवा, रंग ओघळायचा थांबेपर्यंत पाणी सोडा. जांभळेपणा नुसत्या डोळ्यांनीही दिवसागणिक वाढलेला दिसतो. चाळीसच्या भिंगाखाली बॅक्टेरिया ठिपके म्हणून दिसतील, डायटम मात्र सुरेख दिसतात.

याच्या जोडीला आणखी एक पट्टी सोडा, आणि ती रोज त्याच वेळी ओल्या कापसाने पुसून परत पाण्यात टाका. सातव्या दिवशी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून रंगवा. पुसलेली कोरी असणार नाही, त्यावर शेवटच्या दिवसाचे बॅक्टेरिया असतीलच. पण तिचं साम्य सात दिवसांच्या पट्टीशी नसून एका दिवसाच्या पट्टीशी असेल. ती त्या मुलाला दाखवा. शेवट्याचं अंग म्हणजे ही पुसलेली पट्टी, फक्त पुसणारा आतूनच काम करतो.

दोन गोष्टी करू नका. खाजनातल्या पाण्यातले बॅक्टेरिया प्लेटवर, म्हणजे अगारच्या खाद्याच्या बशीत, वाढवून प्लेट उघडू नका. वाढवायचेच असतील तर प्लेट टेपने बंद करा, आणि फेकण्याआधी ती ब्लीचच्या द्रावणात पूर्ण बुडवून द्रावणाखालीच टेप काढा, म्हणजे द्रावण आत पोचेल. वापरलेल्या काचपट्ट्याही अर्धा तास तशाच द्रावणात ठेवा. दुसरं, हातापायाला ताजी जखम असलेल्या कुणालाही पाण्यात उतरवू नका. उबदार मचूळ पाण्यात व्हिब्रिओच्या अशा जाती असतात ज्या जखमेतून शिरतात, आणि ज्यांना मधुमेह किंवा यकृताचा आजार आहे त्यांना त्या फार महागात पडू शकतात. हे शिक्षकांनाही लागू. आणि मानशीचं दार ज्याच्या ताब्यात आहे त्याला आधी सांगून ठेवा. ओहोटीला तो पाणी सोडतो तेव्हा दारापाशी ओढ एवढी असते की दोरीसकट पट्ट्या जातील. पट्ट्या दारापासून निदान दहा-पंधरा पावलं आत, बांधाला खुंटी ठोकून बांधा.